‘एके-४७ सापडली’ म्हणजे नेमकं काय सापडलं? रायगडच्या किनाऱ्यापासून अमेठीच्या कारखान्यापर्यंतची गोष्ट

१८ ऑगस्ट २०२२. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, गणपती दोन आठवड्यांवर. आणि टीव्हीवर पट्टी फिरायला लागली, ‘रायगडमध्ये संशयास्पद बोट, तीन एके-४७ सापडल्या.’

बोट सापडली होती श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरला. कर्जत किंवा खालापूरहून तिथे जायचं तर खोपोली, पाली, माणगाव करत शंभर किलोमीटरहून जास्त रस्ता तुडवावा लागतो. पण जिल्हा एकच ना, रायगड. त्यामुळे समुद्र न दिसणाऱ्या आपल्या तालुक्यांतही ‘आपल्याकडे एके-४७ आल्या’ एवढं म्हणायला ती पट्टी पुरेशी होती. जिल्ह्यात हाय अलर्ट लागला, ठिकठिकाणी नाकाबंदी झाली.

त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत खुलासा केला. ‘लेडी हान’ नावाची ही नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची होती. ती मस्कतहून युरोपकडे निघाली होती. २६ जूनला भर समुद्रात इंजिन बंद पडलं, कोरियाच्या युद्धनौकेने माणसांची सुटका केली, पण समुद्र खवळलेला असल्याने नौका ओढून नेता आली नाही. ती वाहत वाहत पावसाळ्यात आपल्या किनाऱ्याला लागली. त्या दिवशी तरी दहशतवादाचा धागा दिसला नव्हता.

खुलासा आला तरी सोशल मीडियावरचा एक प्रश्न काही संपला नाही. एके-४७ आहे म्हणजे रशियाची का? रशियाची नाही तर चीनची? चीनची असेल तर पाकिस्तानमार्गे आली असणार, नाही का?

या साखळीतली प्रत्येक कडी कच्ची आहे.

‘एके-४७’ ही एक रायफल नाही

मिखाईल कलाश्निकोव्हची ही रायफल सोव्हिएत सैन्याने १९४९ मध्ये स्वीकारली. सुरुवातीला तिचा सांगाडा, म्हणजे ज्याला रिसीव्हर म्हणतात तो मधला डबा, पत्रा दाबून बनवायचा प्रयत्न झाला. तो जमेना. मग अखंड पोलादी ठोकळा कोरून रिसीव्हर बनवायला लागले. मजबूत झाला, पण जड आणि वेळखाऊ. १९५९ मध्ये पत्र्याचं तंत्र बसलं आणि ‘एकेएम’ आली. आपण सिनेमात, बातम्यांत ‘एके-४७’ म्हणून जी पाहतो, ती बहुतेक वेळा या एकेएमच्या वंशातली असते. खरी, कोरीव रिसीव्हरची एके-४७ तुलनेने दुर्मीळ.

खोपोली-खालापूर पट्ट्यात ज्यांनी कारखान्यात काम केलंय त्यांना हा फरक जास्त सांगावा लागणार नाही. ठोकळ्यातून मशिनिंग करून काढलेला जॉब आणि प्रेसवर पत्र्यातून मारलेला जॉब, बाहेरून मापं सारखी दिसली तरी आतली जुळणी वेगळी. इथेही नळी रिसीव्हरला जोडायची पद्धत बदलते, दस्ता बसवायची पद्धत बदलते. त्यामुळे कोरीव रिसीव्हरचा लाकडी दस्ता पत्र्याच्या रिसीव्हरला नीट बसत नाही.

आता यात देश घाला. सोव्हिएत युनियनने हे तंत्र मित्रदेशांना वाटलं. चीन, पोलंड, हंगेरी, रोमानिया, बल्गेरिया, पूर्व जर्मनी, उत्तर कोरिया, इजिप्त, प्रत्येकाचा आपला कारखाना, आपलं नाव, आपले छोटे-मोठे बदल. युगोस्लाव्हियाने तर परवाना न घेताच स्वतःची रायफल काढली आणि तिचा रिसीव्हर जाड पत्र्याचा केला. त्यामुळे तिचे बरेच भाग रशियन रायफलीला चालत नाहीत. जगात या घराण्याच्या सात ते दहा कोटी रायफली असाव्यात असा अंदाज सांगितला जातो.

सगळ्यात गंमत चेकोस्लोव्हाकियाची. त्यांची ‘व्हीझेड ५८’ लांबून बघितली तर कुणीही शपथेवर सांगेल की ही एके-४७ आहे. प्रत्यक्षात आतली यंत्रणा पूर्ण वेगळी. काडतूस तेवढं तेच. मॅगझिनसुद्धा एकमेकांना लागत नाही.

म्हणून फोटोखाली ‘बघा, एके-४७, रशियन’ असं कुणी लिहिलं की एवढंच समजायचं, लिहिणाऱ्याने वाकडं मॅगझिन पाहिलंय.

मग ‘एके-५६’ कुठून आली?

हा शब्द मराठी वाचकाला तोंडपाठ आहे, त्याला कारण १९९३. आणि तिथेही रायगडच.

जानेवारी-फेब्रुवारी १९९३ मध्ये श्रीवर्धन तालुक्यातल्याच दिघी आणि शेखाडी इथे रात्री माल उतरवला गेला. रायफली, काडतुसं, हातबॉम्ब आणि आरडीएक्स. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले होते. ते लाच घेऊन सोडले गेले, हे पुढे न्यायालयात सिद्ध झालं. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले, २५७ माणसं गेली.

त्या मालात ज्या रायफली होत्या त्यांना आपण एके-५६ म्हणतो. गंमत म्हणजे हे नाव ना रशियाचं, ना चीनचं. चिनी सैन्यात तिला ‘टाइप ५६’ म्हणतात, कारण ती १९५६ मध्ये स्वीकारली. आपण ‘एके’ आणि ‘५६’ जोडून आपलंच एक नाव तयार केलं. त्यात चीनने त्याच वर्षी आणखी एका वेगळ्या रायफलीला आणि एका हलक्या मशीनगनलाही ‘टाइप ५६’च म्हटलं, त्यामुळे नुसतं ‘टाइप ५६’ म्हणूनही भागत नाही.

चिनी रायफल ओळखायच्या काही जुन्या खुणा आहेत. नळीच्या टोकाला नेम धरायची जी खुंटी असते, तिच्याभोवती बंद कडं असतं. रशियन रायफलीत ते वरून उघडं असतं. बऱ्याच चिनी रायफलींना घडी घालता येणारी संगीन कायमची जोडलेली असते. बाजूच्या खटक्यावर चिनी अक्षरं असतात आणि कारखान्याचा आकडा त्रिकोणात किंवा चौकटीत ठोकलेला असतो. रशियाच्या इझेव्स्क कारखान्याचा शिक्का म्हणजे त्रिकोणात बाण, तर तुला शहरातल्या कारखान्याचा तारा. बल्गेरियाच्या कारखान्याचा दोन वर्तुळांत १० हा आकडा.

समजा सगळ्या खुणा जुळल्या आणि रायफल चिनी ठरली. त्यातून ती कुणी पाठवली हे कळलं का? नाही. १९८०च्या दशकात अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांविरुद्ध लढणाऱ्यांना अमेरिकेच्या पैशाने, पाकिस्तानच्या हातून चिनी रायफलींचा रतीब सुरू होता. युद्ध संपलं, रायफली तिथल्या बाजारात राहिल्या. कारखाना चीनचा, पैसा अमेरिकेचा, वाटप पाकिस्तानचं, आणि नंतर कुणाच्या हातात गेली ते ज्याचं त्याला माहीत.

१९९३च्या तपासात याहून नेमकं उदाहरण आहे ते हातबॉम्बचं. सापडलेले हातबॉम्ब ऑस्ट्रियाच्या ‘अर्जेस’ कंपनीच्या बनावटीचे दिसत होते. मग काय, ऑस्ट्रियाने पाठवले? ऑस्ट्रियाकडे विचारणा झाली आणि कळलं की त्या कंपनीने हे तंत्र पाकिस्तानच्या सरकारी दारूगोळा कारखान्याला दिलेलं होतं. रचना ऑस्ट्रियाची, उत्पादन पाकिस्तानच्या वाह इथलं. २६/११च्या हातबॉम्बांतही हाच धागा निघाला. तपासाला खरी दिशा मिळाली ती ‘कुणाच्या डिझाइनचं’ यातून नाही, तर ‘कुठल्या कारखान्यात, कुठल्या परवान्याखाली’ यातून.

एक स्प्रिंग आणि एक रॉड

सुट्या भागांची गोष्ट निघालीच आहे तर याच खटल्यातलं अभिनेता संजय दत्तचं प्रकरण आठवा. त्याच्याकडची एके-५६ पोलिसांच्या हाती आख्खी लागलीच नाही. ती तोडून, जाळून नष्ट केली होती. पुरावा म्हणून मांडली गेली ती उरलेली एक स्प्रिंग आणि एक रॉड. सर्वोच्च न्यायालयाने २१ मार्च २०१३ रोजी शस्त्र कायद्याखालची शिक्षा कायम ठेवली, सहा वर्षांची पाच केली. अर्थात, ती काही स्प्रिंगवर एकट्यावर उभी नव्हती. कबुलीजबाब होते, सोबतच्या आरोपींचे जबाब होते.

पण सामान्य वाचकाने लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट कायद्यात आहे. १९५९च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत ‘शस्त्र’ म्हणजे फक्त आख्खं शस्त्र नाही. त्याचे सुटे भागही त्यात येतात आणि शस्त्र बनवायची यंत्रंही. स्वयंचलित रायफल हे तर ‘प्रतिबंधित’ शस्त्र, तिचा परवाना तुम्हा-आम्हाला मिळत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान ७ आणि जास्तीत जास्त १४ वर्षं. ऑनलाइन कुणी परदेशातून ‘नुसता पार्ट आहे’ म्हणून काही मागवत असेल तर त्याने हे वाचावं. विदेशी यूट्यूब चॅनेलवर जे दुकानात मिळतं, त्यातलं बरंचसं इथे थेट तुरुंगाचा रस्ता आहे.

७.६२ म्हणजे किती?

आता चोरट्या मालावरून सरकारी खरेदीकडे येऊ. कारण ‘कुठे बनली, कुठला भाग कशाला लागतो’ हा प्रश्न पोलिसांपेक्षा लष्कराला जास्त महाग पडतो.

बातम्यांत नेहमी येतं, ‘७.६२ एमएमची रायफल’. वाचणाऱ्याला वाटतं आकडा एक, म्हणजे काडतूस एक. तसं नाही. ७.६२ हा फक्त गोळीचा साधारण व्यास झाला. काडतुसाची पुंगळी किती लांब, हा दुसरा आकडा असतो आणि तो बातमीत गळतो. एके घराण्याचं काडतूस ७.६२ बाय ३९. जुन्या एसएलआरचं ७.६२ बाय ५१. ड्रॅगुनोव्ह या रशियन स्नायपर रायफलीचं ७.६२ बाय ५४, आणि त्याला मागे कडा. तिन्ही ‘सेव्हन सिक्स टू’, पण एकाचं काडतूस दुसरीत चालत नाही.

आपली स्वतःची इन्सास ५.५६ बाय ४५ची. तिची रचना पुण्याच्या पाषाणमधल्या एआरडीई या संस्थेची, उत्पादन इशापूर आणि तिरुचिरापल्लीचं. आतली यंत्रणा बरीचशी कलाश्निकोव्हच्या वळणाची, वायूचा दाब कमी-जास्त करायची सोय बेल्जियमच्या रायफलीवरून घेतलेली. म्हणजे ‘स्वदेशी’ रायफलीतही दोन-तीन देशांचं पाणी आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, सगळ्या जगात तसंच चालतं. तिची तक्रार वेगळीच होती. कारगिलच्या थंडीत प्लॅस्टिकची मॅगझिन तडकल्याच्या तक्रारी आल्या. आख्ख्या रायफलीचं नाव खराब झालं ते तिच्यातल्या सगळ्यात स्वस्त भागामुळे.

इन्सासच्या जागी काय, यावर लष्कराने बरीच वर्षं घालवली. शेवटी फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० सिग-७१६ रायफली घ्यायचं ठरलं. २०२४ मध्ये आणखी ७३,०००. ही ७.६२ बाय ५१ची, सीमेवरच्या तुकड्यांसाठी. बाकीच्यांसाठी एके-२०३, जी ७.६२ बाय ३९ची. तिचा करार ६ डिसेंबर २०२१ला झाला, आकडा ६,०१,४२७. उत्पादन उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातल्या कोरवा इथे, भारत-रशिया संयुक्त कंपनीत.

इन्सास अजून पूर्ण गेलेली नाही. म्हणजे एकाच सैन्यात तीन काडतुसं, तीन प्रकारची मॅगझिन, तीन ठिकाणचे सुटे भाग. एखाद्या चौकीवर ट्रक पोचला आणि पेटीवरचा दुसरा आकडा चुकला, तर पेटी भरलेली असूनही निरुपयोगी.

‘मेड इन’ कुठलं धरायचं?

सिग हे नाव मुळात स्वित्झर्लंडचं, सॉअर जर्मनीचं. रायफल बनते अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात. तिचं मूळ वळण १९५०च्या दशकातल्या एआर-१० या अमेरिकन रायफलीचं. आता या घराण्याची अडचण अशी की, तिच्या धाकट्या भावाला, एआर-१५ला, लष्करी वापरामुळे ठरलेली मापं मिळाली. कुठल्याही कंपनीचा भाग बहुतेक वेळा कुठल्याही कंपनीच्या रायफलीला बसतो. एआर-१०ला असं एक माप कधी मिळालंच नाही. प्रत्येक कंपनीचं थोडं वेगळं. त्यामुळे सिग-७१६चे महत्त्वाचे भाग हवे असतील तर मूळ कंपनीकडेच जावं लागतं किंवा त्यांच्या परवानगीने इथे बनवावे लागतात.

गॅरेजवाल्याच्या भाषेत सांगायचं तर एका गाडीचा पार्ट कुठल्याही नाक्यावर मिळतो आणि दुसरीचा फक्त शोरूमला. गाडी घेताना दोघींची किंमत एकच दिसते. फरक तीन वर्षांनी कळतो.

एके-२०३ची बाजू यात उजवी आहे. घराणं जुनं, काडतूस तेच, जुनी मॅगझिनही साधारणपणे लागतात. भारतीय दलांकडे रोमानिया, बल्गेरियाच्या एके आधीपासून आहेत, त्यामुळे जवानाच्या हातालाही सवय. पण वरचं झाकण, पुढची पकड, दुर्बीण बसवायची पट्टी, दस्ता हे सगळं नवं. जुन्या एकेचा भाग उचलून नवीला लावू असं सरसकट होत नाही. आणि कोरवाला सुरुवातीला बरेच भाग रशियातून येऊन जुळणी होणार, मग हळूहळू ते इथे बनणार, अशी योजना होती. मध्ये फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झालं, रशियावर निर्बंध आले, पैसे द्यायचे रस्ते अडखळले. जुलै २०२४ मध्ये ३५,००० रायफली सैन्याला दिल्याचं जाहीर झालं. ६ लाखांपैकी ३५ हजार.

‘मेड इन इंडिया’चा शिक्का म्हणूनच जरा उलटून बघायला हवा. जुळणी इथली, नळी कुठली? बोल्ट कुठला? साचे कुणाच्या मालकीचे? हे प्रश्न विचारणं म्हणजे देशद्रोह नाही. संरक्षण खात्याची खरेदीची नियमावली स्वतःच देशी भागांची टक्केवारी मागते.

परदेशी मालाच्या सुट्या भागावर त्या देशाचा किती ताबा असतो, याचं मुंबईला जवळचं उदाहरण म्हणजे एनएसजी. २६/११ला ताज आणि ओबेरॉयमध्ये शिरलेल्या या कमांडोंचं ओळखीचं शस्त्र म्हणजे जर्मन एमपी-५. जर्मनीचे छोट्या शस्त्रांच्या निर्यातीचे नियम कडक. कुठल्या देशाला, कुणाच्या हातात, हे ते लेखी मागतात आणि भारताला छोटी शस्त्रं द्यायला त्यांनी बराच काळ हात आखडता घेतला. २०२४ मध्ये अपवाद करून एनएसजीसाठी एमपी-५चे सुटे भाग द्यायला मंजुरी दिल्याची बातमी आली. विकत घेतलेल्या, वर्षानुवर्षं वापरात असलेल्या बंदुकीच्या सुट्या भागासाठी दुसऱ्या देशाच्या सरकारची सही लागते, ती अशी.

कर्जत लोकलच्या रुळालगत

यातली एक कडी आपल्याकडचे चाकरमानी रोज ओलांडतात. कर्जतहून मुंबईला जाणारी लोकल अंबरनाथवरून जाते आणि तिथे सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरी आहे. तिथे रायफल बनत नाही. तिथलं मुख्य काम धातू आणि मिश्रधातूंचं, काडतुसाच्या पुंगळीला लागणाऱ्या पितळेसारखं. पुढे काडतुसं जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला, पुण्याच्या खडकीला बनतात. १ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यात अंबरनाथ एका कंपनीकडे गेलं आणि खडकी-वरणगाव दुसरीकडे.

रायफल परदेशी असली तरी काडतूस इथलं असेल तर निम्मी लढाई सोपी होते. उलट कितीही भारी रायफल आणा, काडतूस नसेल तर ती लोखंडी काठी. २६/११ नंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने मुंबई पोलिसांकडे सरावापुरतीही काडतुसं नसल्याची बाब नोंदवली होती. चर्चा मात्र तेव्हाही ‘पोलिसांना आधुनिक रायफली द्या’ याचीच जास्त झाली, कारण रायफलीचा फोटो येतो, काडतुसाच्या इंडेंटचा येत नाही.

सध्या नजर ठेवण्यासारखी खरेदी आहे ती सव्वाचार लाख कार्बाइनची. ही ५.५६ची, पुण्याच्या एआरडीईने भारत फोर्जसोबत विकसित केलेली. २०२५ मध्ये सगळ्यात कमी बोली भारत फोर्जची ठरली. दुसरी कंपनी पीएलआर सिस्टिम्स, जी ग्वाल्हेरजवळ मालनपूरला इस्रायली रचनेची शस्त्रं बनवते. म्हणजे ठरल्याप्रमाणे झालं तर एकाच कामासाठी दोन कारखान्यांच्या, दोन वळणांच्या कार्बाइन सैन्यात येणार. काडतूस एक असेल. मॅगझिन एकमेकांना लागणार का, सुट्या भागांचे साठे वेगळे ठेवावे लागणार का, हे विचारायची वेळ माल यायच्या आधीची असते.

आणि ती हरिहरेश्वरची बोट?

नौकेवर रायफली कशाला, हे अनेकांना पटलं नव्हतं. पण एडनच्या आखातात सोमाली चाच्यांचा उपद्रव वाढल्यापासून व्यापारी जहाजांवर खासगी सशस्त्र रक्षक ठेवणं हा अधिकृत धंदा झाला. बंदरात शस्त्रं उतरवायची परवानगी नसते, म्हणून ती समुद्रातच दुसऱ्या जहाजावर ठेवतात. तरंगतं शस्त्रागारच म्हणा. ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ ‘सीमन गार्ड ओहायो’ हे असंच जहाज पकडलं गेलं. ३५ रायफली होत्या. खलाशी आणि रक्षक वर्षानुवर्षं खटल्यात अडकले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं.

अशा वेळी तपास यंत्रणा फोटो बघत बसत नाहीत. त्या नंबर बघतात. २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ठरलेल्या व्यवस्थेनुसार प्रत्येक छोट्या शस्त्रावर बनवताना देश, कारखाना आणि क्रमांक ठोकणं अपेक्षित आहे, आणि आयात झाल्यावर आयात करणाऱ्या देशाची खूणही. इंटरपोलकडे हरवलेल्या, चोरीच्या शस्त्रांची नोंदवही आहे. क्रमांक टाकला की ती कुणाच्या नावावर निघाली होती, तिथपर्यंत जाता येतं. क्रमांक घासून काढला असेल तर प्रयोगशाळेत तो पुन्हा दिसवायचा प्रयत्न होतो.

पुढच्या वेळी अशी पट्टी फिरली की ग्रुपवर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी शोधा: क्रमांक शाबूत होता का, शिक्का कुठल्या कारखान्याचा, आणि शेवटचा अधिकृत मालक कोण. तिन्ही गोष्टी पहिल्या दिवशी कुणाकडेच नसतात. ज्याच्याकडे पहिल्या तासातच आहेत, त्याने त्या बनवलेल्या असतात.